पन्नासच्या दशकातलं ड्रेसचं चित्र आणि टेलरचे पाच मीटर

प्रश्न थोडक्यात असा: एका नातेवाइकांनी पॅरिसच्या जुन्या बाजारातून ड्रेसचं एक चित्र आणून दिलं, पन्नासच्या दशकातलं म्हणून. काळ्या शाईतली उंच बाई, चेहरा जवळजवळ नाहीच, उघडे खांदे, मुठीत मावेल एवढी कंबर, खाली छत्रीसारखा घेर, कमरेला एका बाजूला मोठा बो. कोपऱ्यात पेन्सिलीने काढलेलं पाठीचं छोटं चित्र, एक आकडा आणि टाचणीने लावलेला निळ्या कापडाचा तुकडा. हे खरोखरचं डिझाइन आहे की शोभेचं चित्र? आणि बहिणीच्या रिसेप्शनला असाच ड्रेस शिवता येईल का? टेलर म्हणतात, "होईल की, पाच मीटर आणा."

टेलरचे पाच मीटर चुकलेले नाहीत, हे आधी सांगते. पण तो हिशेब बाहेरच्या कापडाचा, म्हणजे चित्रात दिसतं तेवढ्याचा. असल्या ड्रेसचा निम्मा ऐवज आत असतो आणि तो कुणी चित्रात काढत नाही. मी तीस-एक वर्षं पॅटर्न कापते आहे. "अगदी या चित्रासारखं हवं" म्हणून आलेले आणि नंतर बिनसलेले जेवढे ड्रेस पाहिले, त्यातले बहुतेक आतल्या बाजूने बिनसलेले होते.

आता तुमचा कागद. त्या काळात एकाच ड्रेसची तीन-चार चित्रं निघायची आणि प्रत्येकाचं काम निराळं. पहिलं डिझायनरने स्वतः खरडलेलं. पॅरिसचा बडा डिझायनर ख्रिस्तियान दिओर सीझनआधी गावाकडच्या घरी जाऊन बसायचा आणि अशी शेकडो रेखाटनं काढायचा. त्यात बाही कशी जोडायची, चेन कुठे घ्यायची असलं काही नसे, नुसती ड्रेसची ठेवण असे. ती रेखाटनं वर्कशॉपमधल्या मुख्य बायकांच्या हातात जायची, त्या साध्या पांढऱ्या कापडात नमुना उभा करायच्या, आणि त्या नमुन्यांतून काय ठेवायचं ते ठरायचं. उलट त्याच काळातल्या दुसऱ्या बड्या डिझायनरची, बालेन्सियागाची सुरुवात कापडापासून व्हायची. तो स्वतः कापणारा-शिवणारा माणूस.

दुसरं चित्र नोंदीचं. मॉडेलचा नंबर, पाठ कशी दिसते ते, कापडाचा तुकडा. तिसरं मासिकांचं आणि जाहिरातींचं. यात रेने ग्रुओचा हात धरणारा कुणी नव्हता. चार फटकाऱ्यांत तो बाई उभी करायचा आणि ड्रेसची एकही शिवण दाखवायचा नाही, कारण त्याला ड्रेस शिवायचा नव्हता, त्याची हाव लावायची होती. दिओरच्या अत्तरासाठी त्याने काढलेला एक हंस आहे, गळ्यात मोत्यांची माळ घातलेला. बस, त्यात बाईच नाही! चौथं चित्र चोरीचं. शो चालू असताना रेखाटन करायला बंदी असायची, म्हणून नकला करणारे डोळ्यांत साठवून बाहेर यायचे आणि आठवणीने कागदावर उतरवायचे.

तुमच्या कागदावर पाठ, आकडा आणि तुकडा तिन्ही आहेत, त्यामुळे तो दुसऱ्या जातीचा, किंवा तसल्या चित्राची छापील प्रत. हे घरच्या घरी कळतं. भिंग घेऊन रंगाच्या जागी बघा. बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर छपाई. हाताने लावलेला गडद रंग कागदावर किंचित थर धरून बसतो, तिरप्या उजेडात त्याची कड दिसते. टाचणी काढू नका, तिच्याखाली गंजाची खूण आहे का एवढंच पाहा. असली तर ती टाचणी बरीच वर्षं तिथेच आहे. मात्र एवढ्यावरून कुठल्या बड्या फॅशनघराण्याचं नाव त्याला चिकटवू नका. छोट्या शिवणघरांतून आणि शिकणाऱ्या मुलींच्या वह्यांतूनही अशीच चित्रं निघत होती.

काळाबद्दल म्हणाल तर आवळलेली कंबर आणि मोठा घेर १२ फेब्रुवारी १९४७ नंतरचा. त्या दिवशी पॅरिसच्या ३०, अव्हेन्यू माँतेन्य इथे दिओरचा पहिला शो झाला. मग त्यानेच १९५४ मध्ये एच आणि १९५५ मध्ये ए अशी अक्षरांची वळणं आणून कंबर सैल करायला घेतली. १९५७ च्या ऑक्टोबरात तो गेला, आणि त्याच्या जागी आलेल्या एकवीस वर्षांच्या इव्ह सँ लोराँने १९५८ च्या सुरुवातीला खांद्यापासून खाली पसरत जाणारा ट्रॅपीझ दाखवला, त्यात कंबर जवळजवळ गायबच. पार्टीचे ड्रेस मात्र या सगळ्या वर्षांत घेरदारच राहिले, म्हणून तुमच्या चित्राचं नेमकं साल मी सांगणार नाही. "पन्नासचं दशक" हे विकणाऱ्याचं म्हणणं पटण्यासारखं आहे.

थोडं अवांतर. चित्राकडून कापडाकडे गेलेलं आपल्याकडचं मोठं नाव म्हणजे भानू अथैया. कोल्हापूरच्या, जे. जे. मध्ये चित्रकला शिकलेल्या. मुंबईत त्या आधी बायकांच्या मासिकांसाठी फॅशनची चित्रं काढत. मासिकाच्या संपादिकेने बुटीक उघडलं तेव्हा "तूच कपडे करून बघ" म्हणून त्यांना गळ घातली गेली, आणि तिथून सिनेमा, आणि पुढे 'गांधी'साठी ऑस्कर. कागदावर ज्याला कापड कसं पडतं ते नीट काढता येतं त्याला कापड कळलेलं असतं, असं माझं मत आहे. उलटं मात्र खरं नाही. मला कापड कळतं, पण माझी बाई अजून बाहुलीसारखीच येते.

आता ते चित्र टेबलावर ठेवा आणि पट्टीने बाईचं डोकं मोजा. मग ते डोकं तिच्या उंचीत किती वेळा बसतं ते पाहा. खऱ्या माणसात ते साधारण साडेसात वेळा बसतं. फॅशनच्या चित्रात नऊ-दहा वेळा, आणि वाढवलेली सगळी उंची पायांत घातलेली असते. तुमची बहीण पाच फूट दोन इंच असेल तर त्याच डोक्याच्या मापाने चित्रातली दहा डोक्यांची बाई सहा फूट अकरा इंच भरेल. म्हणून चित्रावर पट्टी लावून "स्कर्ट वरच्या भागाच्या अडीचपट" असला हिशेब टेलरला देऊ नका. फक्त एकच बघा: स्कर्टची कड पायाच्या कुठल्या भागावर येते. पोटरीच्या सगळ्यात जाड भागाच्या खाली, जिथे पाय पुन्हा बारीक होतो, तिथे बहुतेक असेल. तीच जागा बहिणीच्या पायावर शोधा. दोन इंच वर गेलात तर कड नेमकी पोटरीच्या जाडीवर येते आणि पाय आखूड दिसतात.

कंबरेचंही तसंच. ती आवळून बारीक होत नाही, आजूबाजूचं वाढवून होते. दिओरच्या त्या पहिल्या शोमधला बार नावाचा सूट सगळ्यांनी फोटोत पाहिलेला असतो: फिकट शांटुंग रेशमाचं जाकीट आणि काळा प्लीटचा लोकरी स्कर्ट. त्या जाकिटाला कमरेखाली, नितंबांवर आतून पॅडिंग आहे. खांदे उतरते, खाली फुगवटा, मधली जागा आपोआप बारीक. तुमच्या बहिणीची कंबर २८ असली तरी काही बिघडत नाही. दोन इंच आवळण्यापेक्षा खालचा घेर नीट उभा करा.

चित्रात खरं वाचायचं असतं ते कमरेच्या रेषेवर. भिंग अजून हातात असेल तर तिथे न्या. स्कर्टच्या घड्या कुठून निघतात? कमरेपाशीच बारीक बारीक काट्यांसारख्या रेषा असतील तर चुण्या आहेत. सरळ, टोकदार, कमरेपासून कडेपर्यंत न मोडता गेलेल्या रेषा म्हणजे प्लीट. कमरेपाशी कोरं, नितंबांवर कोरं, आणि घडी मांडीच्या आसपास सुरू होऊन खाली कडेला लाटेसारखी वळत असेल तर तो गोल कापलेला घेर किंवा कळ्यांचा स्कर्ट. या तिघांचं बेतणं वेगळं, कापड वेगळं, आणि कमरेवर पडणारी जाडी तर फारच वेगळी. "छत्रीसारखा" हा तुमचा शब्द मी प्रमाण धरते आणि गोल घेर समजून पुढे लिहिते. बरेच टेलर ही बारीक नजर न लावता सरसकट चुण्या घालतात, कारण त्या सोप्या. चुण्यांनी कंबर एक-दोन इंच जाड होते आणि अख्खं चित्र तिथेच मरतं.

वरच्या भागातही असंच पाहा. काखेपासून छातीवरून कमरेपर्यंत आलेली हलकी रेषा म्हणजे प्रिन्सेस कट. छातीखाली तोकडी रेषा म्हणजे टक्स. काहीच रेषा नसेल तर काढणाऱ्याने ती गाळली आहे, शिवण कुठेतरी असणारच. अंगाला असं घट्ट बसणारं कापड शिवणीशिवाय बसत नाही, हे आपल्या कटोरी ब्लाउजवाल्या बायकांना सांगायला नको.

कापडाचा तुकडा टाचलेला आहे हे नशीब. नसता तर चमकेवरून ओळखावं लागलं असतं. सॅटिन काढताना पांढऱ्या जागा कडक कडांच्या सोडतात, मखमल काढताना मधे गडद आणि वळणाच्या कडेला उजेड, टॅफेटाच्या घड्या कोनात मोडलेल्या. टाचणी न काढता तुमच्या तुकड्याचा सुटा कोपरा बोटांत हलकेच चुरगळा. कुरकुर आवाज आला आणि घडी उभी राहिली तर टॅफेटा. तुकड्यावरून काही कळलं नाही तरी टॅफेटाच घ्या, घेराला तोच बरा. क्रेप किंवा जॉर्जेट घेऊ नका, ते खाली लोंबेल. आणि आईची पैठणी कापू नका. गोल कापात काठ वळत नाही, पदर वाया जातो, आणि नंतर घरात जे होतं ते मी पाहिलेलं आहे.

हिशेब असा. कंबर २८, स्कर्टची लांबी २८ धरू. पूर्ण गोलासाठी कंबर भागिले ६.२८, म्हणजे आतल्या गोलाची त्रिज्या साधारण साडेचार इंच. त्यात २८ लांबी आणि एक इंच दुमड, एकूण साडेतेहतीस. ४४ पन्ह्यात अर्धा गोल आरामात बसतो, त्याला ६७ इंच कापड लागतं. दोन अर्ध्यांना १३४ इंच, म्हणजे तीन मीटर चाळीस सेंटिमीटर. वरच्या भागाला एक मीटर, दंडावरची पट्टी क्रॉसमध्ये, म्हणजे तिरक्या धाग्यात कापायची आणि बो, मिळून अर्धा मीटर. पाच मीटर बरोबर आले. टेलर अनुभवी आहेत, त्यांना सोडू नका.

आता आतलं. दिओर जवळजवळ प्रत्येक कापडाला आतून पर्केल, म्हणजे घट्ट विणीचं सुती कापड, किंवा टॅफेटा लावायचा, मोडीत निघालेली जुनी पद्धत त्याने पुन्हा आणली होती. त्याच्या संध्याकाळच्या ड्रेसमध्ये वरच्या भागाच्या आत बोन, म्हणजे उभ्या कडक पट्ट्या घातलेली एक वेगळी चोळीच असायची. ड्रेस तिच्यावर उभा राहायचा, बाईच्या खांद्यावर लटकायचा नाही. उघड्या खांद्यांचा ड्रेस सतत वर ओढावा लागतो, ही आपल्याकडच्या रिसेप्शनची नेहमीची तक्रार, ती या चोळीच्या अभावाने. ही चोळी सुती अस्तराच्या दोन थरांची करा, बोन सहा ते आठ, आणि कमरेच्या रेषेवर आतून इंचभर रुंदीची न ताणणारी घट्ट पट्टी, तिला स्वतःचे हूक. ड्रेस घालताना आधी ते हूक लावायचे, मग चेन ओढायची. स्कर्टचं सगळं वजन त्या पट्टीवर येतं आणि चेनला ताण बसत नाही. एवढी एकच गोष्ट केलीत तरी अर्धी लढाई जिंकलात.

चित्र आणि आतला डोलारा यांतलं अंतर बघायचं तर २ जून १९५३ ला राणी एलिझाबेथने राज्याभिषेकाला घातलेला पोशाख घ्या. ब्रिटिश डिझायनर नॉर्मन हार्टनेलने त्यासाठी नऊ चित्रं काढली, आठवं पसंत पडलं. भरतकामात राष्ट्रकुलातल्या देशांची फुलं-पानं आहेत, भारताचं म्हणून कमळ आहे. वेल्ससाठी त्याला डॅफोडिल काढायचं होतं, पण त्यांचं चिन्ह लीक, म्हणजे कांद्याच्या पातीची बहीण, तीच त्याला भरावी लागली. चित्रात हा स्कर्ट अलगद पसरलेला दिसतो. प्रत्यक्षात त्या भरतकामाचं वजन तोलायला आतून टॅफेटाचं अस्तर आणि घोड्याच्या केसांचं कडक कापड लावावं लागलं. फ्रेंचमध्ये क्रँ म्हणजे घोड्याचा केस, त्यावरूनच क्रिनोलिन. आपल्या बाजारात घागऱ्यासाठी जे कॅनकॅन मागतात ते त्याचंच नायलॉनचं नातवंड.

तुमच्या ड्रेसला कॅनकॅन असं करा. कमरेपासून आठ इंच साधं अस्तर, अंगाबरोबर, म्हणजे कमरेवर जाडी येत नाही. त्याखाली नेटचे दोन मजले, साडेनऊ-साडेनऊ इंचांचे. ४४ पन्ह्याच्या दोन पट्ट्या जोडून वरचा मजला, चार पट्ट्यांचा खालचा, प्रत्येक आपल्या वरच्यावर चुणून बसवायचा. एका थराला जेमतेम दीड मीटर, असे तीन थर, म्हणजे साडेचार मीटर नेट. सगळ्यात आतल्या थराखाली पुन्हा मऊ अस्तर, नाहीतर नेट पायांना टोचेल आणि बहीण पहिल्या तासातच वैतागेल. अस्तर वेगळं चार मीटर. म्हणजे बाहेर पाच आणि आत साडेआठ. ब्रिटनमध्ये १९४९ च्या मार्चपर्यंत कपडे रेशनवर मिळत होते, त्यामुळे या घेरांवर तिकडे केवढा गहजब झाला असेल ते समजू शकते. आपल्या आज्या मात्र नऊ वार, म्हणजे सव्वाआठ मीटर, अंगावर चापूनचोपून नेसून विहिरीचं पाणी काढत होत्या आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं.

टेलरकडे पहिल्या खेपेला टॅफेटा नेऊ नका. पाच-सहा मीटर मांजरपाट न्या आणि म्हणा, "मास्टर, आधी यात उभा करा, याची शिलाई वेगळी देते." पैसे वेगळे दिले की कुरकुर होत नाही. त्या मांजरपाटावरच टाचण्या, खडू, काय उसवायचं ते उसवा. उभा धागा पुढच्या मध्यावर सरळ खाली येतोय ना तेवढं बघा, तो वाकला तर ड्रेस एका बाजूला फिरतो. खऱ्या कापडातला स्कर्ट कापल्यावर डमीवर किंवा हँगरला दोन रात्री टांगून ठेवायचा, मगच कड दुमडायची. गोल कापात काही भाग क्रॉसमध्ये येतो, तो आपल्या वजनाने खाली उतरतो. ही घाई केलीत तर कड चार ठिकाणी वर-खाली होईल आणि इस्त्रीने सरळ होणार नाही.

माझी एक फजिती सांगते. पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. असंच एक चित्र, कमरेला बो, त्याच्या खालून कापडाची लांब शेपटी. चित्रात बो उजव्या हाताला दिसत होता, मी उजवीकडे लावला. ग्राहक बाईंनी घातला, छान म्हणाल्या, गेल्या. लग्नाचे फोटो आले तेव्हा त्यांनीच दाखवलं, चित्र उलटं झालं होतं. चित्रातली बाई आपल्यासमोर तोंड करून उभी असते, आपला उजवा तो तिचा डावा. वर तिची मान आणि हात बोच्या विरुद्ध दिशेला झुकलेले होते आणि तोल त्यावरच साधलेला होता, तो माझ्या ड्रेसमध्ये पार गेला. सॅटिन कापलेलं, दुरुस्तीला जागा नाही. तेव्हापासून चित्र हातात आलं की आधी पेन्सिलीने त्याच्या प्रतीवर "तिचा डावा", "तिचा उजवा" असं लिहिते. मूळ कागदावर लिहू नका, झेरॉक्सवर लिहा.

चेन तुमच्या पाठीच्या छोट्या चित्रात बघा. पाठीच्या मध्यावर रेषा असेल तर तिथे. नसेल तर त्या काळी पुष्कळ ड्रेसना चेन डाव्या काखेखालून कमरेखालपर्यंत असायची, म्हणजे पाठ कोरी राहायची. आतल्या चोळीचं तोंडही त्याच बाजूला ठेवा.

मांजरपाटाच्या ट्रायलला बहिणीला नुसतं आरशासमोर उभं करू नका. तिला खुर्चीत बसवा, दोन्ही हात पुढे करून हार घालायला लावा, ताटातला घास घ्यायला लावा. उघड्या खांद्याची पट्टी दंडावर असते, हात वर गेला की ती अडते. तिथे मागच्या बाजूला इलॅस्टिकचा छोटा तुकडा लपवावा लागेल, आणि तो किती, ते हार घालतानाच कळेल. चित्रातल्या बाईने कधी कुणाला हार घातलेला नाही.

आणि बो तिच्या डाव्या बाजूला की उजव्या, ते मास्टरांना तोंडी सांगू नका, लिहून द्या.